पाणथळीचे बारा महिने

एखाद्या छंदाचा भार घरखर्चावर किती पडेल, याचा विचार केल्यावाचून आपल्याकडील गृहस्थ सहसा छंदाला हात घालीत नाही, आणि ते योग्यच आहे. घराच्या प्राप्तीत बसावा आणि घरातील लहानथोरांना सारखाच रमवावा, असा छंद मिळणे ही भाग्याची गोष्ट होय. आज ज्या छंदाविषयी लिहावयाचे आहे तो यांपैकी पहिल्या कसोटीला पूर्णपणे उतरेल असे वचन मी देत नाही. दुसऱ्या कसोटीला मात्र तो निश्चित उतरतो. पाणथळीवरील रानपाखरांची छायाचित्रे घेणे, हा तो छंद. वाचकहो, गेली बारा वर्षे मी त्यात रमलो आहे. त्याने मला पुष्कळ आनंद दिला, आणि एकदा मान खाली घालावयासही लावली. या दोहोंची हकीकत आज आपणांस सांगावी असे मनात आहे.

प्रथम जागेची ओळख करून देतो. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील हे बांधकाम काही पाखरांसाठी झाले नव्हते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या कोरड्या मुलखाला पाटाचे पाणी मिळावे, एवढाच त्यामागील हेतू. परंतु नदीने आपले काम थांबविले नाही. वर्षामागून वर्षे ती गाळ आणीत राहिली. जलाशय उथळ होत गेला, मध्ये बेटे उठली, कडेला पाणगवत आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या वहीत जो तोटा म्हणून लिहिला गेला, तोच पाखरांच्या वहीत नफा ठरला. १९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर या गावी १९७१ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव २०२० मध्ये जाहीर झाले. त्या यादीत आलेली ही महाराष्ट्रातील पहिली जागा.

येथील ऋतू दोन घड्याळांवर चालतात, हे नवख्याने आधी समजून घेतले पाहिजे. एक घड्याळ आभाळाचे, दुसरे पाटाचे. वरच्या धरणांतून पाणी सुटले, पाटाला आवर्तन चालू झाले, की येथील पाण्याची पातळी हलते. कालचा चिखल आज पाण्याखाली जातो, आजचे पाणी आठवड्याने चिखल होते, आणि चिखलातले किडे वेचणारी पाखरे व पाण्यात डोके बुडविणारी पाखरे आपापल्या जागा त्याप्रमाणे बदलतात. मी आरंभीची दोन वर्षे केवळ पंचांग पाहून जात असे. पुढे आवर्तनाची चौकशी करून जाऊ लागलो, तेव्हापासून माझे रिकाम्या हाताने परतणे पुष्कळ कमी झाले.

आपल्या शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून सुरू होते. आपणही तेथूनच आरंभ करू.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवण्याची बहुतेकांची रीत आहे. गोदावरीला पूर येतो, बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात, तांबडे पाणी जायकवाडीच्या दिशेने धावू लागते, आणि काठाकडे जाण्यात काही शहाणपण उरत नाही. हे खरे, परंतु पूर ओसरलेल्या दिवसांत आसपासच्या तळ्यांकडे व डबक्यांकडे वळावे. स्थानिक पाखरांचा संसाराचा काळ हाच. सुगरणीचे नर बाभळीच्या फांद्यांवर घरटी विणीत असतात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू कोणी लावले, हे कोडे मुलांना घालावे. लांब शेपटीचा कमळपक्षी पाणवनस्पतींच्या पानांवरून हलक्या पावलांनी चालतो, तेव्हा मुलांना आणखी एक गंमत सांगावी : या कुळात अंडी उबविणे व पिले सांभाळणे ही कामे नराकडे असतात, मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. ही माहिती आमच्या घरात सांगितली गेली तेव्हा जी चर्चा झाली, तिचा वृत्तान्त येथे देण्याचे कारण नाही.

ढगाळ आभाळ हा छायाचित्रकाराचा शत्रू आहे, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः ढगांतून गाळून आलेल्या उजेडात गडद सावल्या पडत नाहीत आणि पिसांचे पीस न् पीस वेगळे उमटते. पांढऱ्या बगळ्याच्या बाबतीत तर ही मोठीच सोय. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. काळसर पाण्यावर बगळा उभा असला की तो पाण्याला फसतो, चित्र अधिक उजळ करतो, आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या ठिपक्यासारखी सपाट होतात. अशा वेळी एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने कमी करावे. उजळ आभाळापुढे पाणकावळा बसला असेल तर नेमके याच्या उलट करावे. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी नवशिक्याची निम्मी छायाचित्रे सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

पाऊस सरता सरता पाहुण्यांची चाहूल लागते. आधी तुतवार येतात, मग धोबी शेपूट खालीवर करीत काठाने फिरू लागतात, आणि ऑक्टोबरात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरू लागतात. मध्य आशिया व सायबेरियापासून ही मंडळी येते. याच दिवसांत माझ्या हातून पहिली चूक झाली. रुंद चपट्या चोचीची थापट्या बदके मी प्रथमच टिपली होती. पुस्तकातल्या चित्रात नराचे डोके चकचकीत हिरवे, छाती शुभ्र आणि कुशी तांबूस. माझ्या छायाचित्रांत मात्र सगळी बदके मातकट. सगळ्या माद्याच आल्या असे समजून मी ती छायाचित्रे पुसून टाकली. पुढे एका जाणत्या निरीक्षकाने मला समजावले की, वीण संपली म्हणजे ही बदके पिसे टाकतात. उडण्याची मोठी पिसेही एकदमच गळत असल्याने काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या असहाय काळात नराला रंगीत पोशाख जिवावर बेतावयाचा, म्हणून तो मादीसारखा साधा वेष घेतो, आणि पुढे हिवाळा चढत जातो तसतसा पुन्हा नटतो. म्हणजे मी जे पुसून टाकले ते प्रवासाने शिणलेल्या पाहुण्यांचे, वेष बदलण्यापूर्वीचे रूप होते. तेव्हापासून मी एक नियम केला : जे कळत नाही ते पुसावयाचे नाही. तारीख घालून ठेवावयाचे. कळण्याची वेळ पुढे येते.

डिसेंबर-जानेवारी हा येथला उत्सवाचा काळ. निफाडची थंडी सर्व महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. ती अंगावर घेण्यासाठी मात्र पहाटे पाचला द्राक्षांच्या मळ्यांमधून जावे लागते. पाण्यावर धुके तरंगत असते. प्रथम काही दिसत नाही, केवळ आवाज येतात : चक्रांगांची शीळ, वारकऱ्यांची कुजबुज. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचे आणि कपाळी पांढरा टिळा असलेले ते पाणपक्षी. त्यांना चांदवा असेही म्हणतात. त्यांचा मेळा पाण्यावरून एका दिशेने चालू लागला म्हणजे हे नाव ज्याने ठेवले त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. मग सूर्य वर येतो, धुके सोनेरी होते, आणि लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेले चक्रवाक दिसू लागतात. रात्री या जोडप्याची ताटातूट होते व ती दोन काठांवरून परस्परांना हाका मारीत राहतात, अशी आपल्या जुन्या कवींची समजूत. मला मात्र पहाटेच्या पहिल्या उजेडात ती जोडी नेहमी एकाच काठावर आढळली आहे. कवींच्या दुःखात भर घालण्याची इच्छा नाही, परंतु छायाचित्र हा पुरावा आहे.

या दिवसांत चापडगावच्या बाजूला निरीक्षणासाठी मनोरा आहे, मार्गदर्शक मिळतात, आणि सहकुटुंब जाणाऱ्यांची चांगली सोय होते. सूर्य पाठीशी ठेवून बसावे. उडत्या पाखरासाठी शटरचा वेग १/२००० सेकंद असावा. बसलेल्याला १/५०० पुरतो. नजर पाखराच्या डोळ्यावर रोखावी, कारण डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सारे स्पष्ट असूनही चित्र निर्जीव वाटते. आणि शक्य तितके खाली बसावे. मनोऱ्यावरून घेतलेले बदक पाण्यावरच्या नकाशासारखे दिसते. त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले बदक आपल्याकडे पाहते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे उत्तरेची वाट धरतात. पाणी आक्रसते, गाळ उघडा पडतो, आणि काठची मंडळी त्यावर गाळपेर करतात. बहुतेक छायाचित्रकार येथून पाठ फिरवितात. ऊन चढले की जमिनीवरील हवेचे तापलेले थर हलू लागतात, त्यांतून येणारा प्रकाश वाकतो, आणि दूरचे पाखरू पाण्यात बुडाल्यासारखे थरथरते; कितीही महाग भिंग घेतले तरी या थरथरीवर इलाज नाही. पहाटेचे दोन तास काय ते हाती लागतात. परंतु उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा, म्हणजे टिटवीचा, शेकाट्याचा, नदीतल्या बेटावर वीण करणाऱ्या सुरयांचा, हाच हंगाम असतो. आणि याच हंगामात ती गोष्ट घडली.

२०२२ च्या एप्रिलातील एक सकाळ. काठावरच्या गाळपेरीच्या तुकड्यात एक वृद्ध शेतकरी काम करीत होते. नांगरटीच्या मधोमध, घोंगडी अंथरावी एवढी जागा त्यांनी तशीच सोडलेली पाहून मी कारण विचारले. "टिटवीनं अंडी घातलीत तिथं," ते म्हणाले. मी त्या तुकड्याच्या कडेशी गेलो. मातीच्या खळग्यात, टोके आत करून, चार ठिपकेदार अंडी ठेवलेली होती; ढेकळांत ती ओळखू येणे कठीण. टिटवी तत्काळ उठली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली.

मी चाळीस पावले मागे आलो, आणि पुरेसे मागे आलो असे स्वतःलाच सांगितले. नंतर कॅमेरा रोखून बसलो. टिटवी खाली उतरे, चार पावले धावे, पंख पसरून मला दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करी, पुन्हा उडे. असे उघडे पंख, अशी उघडी चोच, असा लाल डोळा मला कधी मिळाला नव्हता. मी एकामागून एक छायाचित्रे घेत राहिलो. घड्याळात साडेदहा झाले होते. मी तेथे येऊन पन्नास मिनिटे उलटली होती. तेव्हा ते बाबा खुरपे खाली ठेवून माझ्यापाशी आले.

"झालं का साहेब तुमचं?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. "तिला बसू द्या आता. अंडी भाजत्यात."

वाचकहो, तोवर माझी समजूत अशी होती की, पाखरू अंड्यांवर बसते ते त्यांना ऊब देण्यासाठी. दख्खनच्या उन्हाळ्यात ते बसते ते सावली देण्यासाठी, हे मला त्या दिवशी कळले. पुढे वाचनात आले की, टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजविते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते, म्हणजे ती थंड राहावीत. आता त्या सकाळचा नकाशा आपण डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला अंडी, आणि मधल्या वाटेवर मी. ज्या ओरडण्याचे मी उत्कृष्ट छायाचित्र म्हणून स्वागत करीत होतो, ते माझ्यासंबंधीच होते.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. चारही अंडी जागच्या जागी होती, टिटवी नव्हती. "दोन दिस बसली, मग उठून गेली," बाबा म्हणाले. माझ्या पन्नास मिनिटांमुळेच असे झाले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कुत्रे आले असेल, आणखी काही घडले असेल. परंतु माझ्यामुळे झाले नाही, असेही मला सांगता येत नाही, आणि हा दुसरा विचारच अधिक बोचतो. बाबांनी तो सोडलेला तुकडा त्यानंतरही नांगरला नाही. ते कारण बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

घरी आल्यावर मी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ उघडून वाचला. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे. बंदूक, जाळे, विष यांची अपेक्षा ठेवून मी वाचू लागलो, आणि पुढे असे आढळले की, रानपाखरांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत येते. भरतपूरच्या पाणथळीवर १९३८ मध्ये एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पाखरे मारली गेली, याची नोंद तेथील शिलालेखावर आहे. ती नोंद वाचून मी पूर्वी हळहळलो होतो, आणि बंदुकीच्या जागी आपल्या हाती कॅमेरा आहे, म्हणून मनोमन सुखावलो होतो. कायद्याने मला त्याच शब्दाच्या पोटात बसविले. हातात काय आहे एवढ्यावरून मनुष्य निर्दोष ठरत नाही. त्याच्या तेथे असण्याने दुसऱ्याचे काय होते, हे पाहावे लागते.

ते छायाचित्र माझ्याजवळ आहे. ज्यांना दाखविले त्यांनी त्याची फार प्रशंसा केली. मी ते भिंतीवर लावलेले नाही आणि कोठे पाठविलेलेही नाही.

यातून मी जे शिकलो ते आपणांस थोडक्यात सांगतो. पाखरू आपल्याशी बोलत असते. त्याची भाषा समजणे हा या कलेचा पहिला धडा आहे. ते चरता चरता थांबले, मान ताठ केली, एका पायावरून दोन पायांवर आले, की समजावे, आपण मर्यादेपाशी पोहोचलो. तेथेच थांबावे. ते ओरडले किंवा उडाले, तर मर्यादा ओलांडली असे समजून मागे फिरावे. जवळ जाण्यापेक्षा बसून राहणे अधिक फलदायी. काठाशी आडोसा करून, अंगावर मातकट रंगाचे कापड घेऊन तासभर न हलता बसले, तर पाखरे आपण होऊन जवळ येतात, आणि तेव्हाच्या छायाचित्रात त्यांच्या डोळ्यांत भीती नसते. घरट्याचे छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. कित्येक स्पर्धांत अशी चित्रे आता स्वीकारली जात नाहीत, हे योग्यच झाले. पाखराला बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज लावू नये. वीण सांभाळण्यात गुंतलेला नर शत्रू आला असे समजून धावत येतो, आणि आपला वेळ व शक्ती फुकट दवडतो. घरटे कोठे आहे हे समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. एकटा मी पन्नास मिनिटे बसलो; माझ्यामागून पन्नास जण आले असते तर?

आता खर्चाकडे वळू. प्रथम कॅमेरा घेऊ नये. आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण घ्यावी. ती सर्व कुटुंबाला वापरता येते, आणि वर्षभर केवळ पाहण्यात घालविलेला मनुष्य पुढे कॅमेऱ्याने कमी चुका करतो. त्यानंतर छंद टिकलाच, तर जुना परंतु सुस्थितीतील कॅमेरा आणि ३०० वा ४०० मिलिमीटरचे भिंग पुरेसे होते. महागड्या तिपाईवाचून माझे काही अडले नाही. आमच्या सौ.नी जुन्या जाड पॅन्टच्या कापडाची एक पिशवी शिवून तीत दोन किलो चवळी भरून दिली आहे. ती बांधावर ठेवून तिच्यावर भिंग टेकविले की हात हलत नाही. फक्त वर्षातून एकदा ती चवळी उन्हात घालावी लागते, हे लक्षात ठेवावे. एका पावसाळ्यात हा नियम चुकला, आणि माझ्या पिशवीतून किडे निघाले.

छायाचित्राबरोबर एक वही ठेवावी. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, कोणती पाखरे, साधारण किती. दरवर्षी जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे, आणि तीत हौशी माणसांचाही सहभाग असतो. पाखराच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली आणि तिच्यावरील अक्षरे टिपता आली, तर ती १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावीत. पाखराचा मार्ग शोधणाऱ्यांना अशा एका छायाचित्राचाही उपयोग होतो. आणि एकाच जागेवरून, एकाच दिशेने, दरमहा एक साधे छायाचित्र घ्यावे, त्यात पाखरू नसले तरी चालेल. माझी अशी बारा वर्षांची चित्रे ओळीने मांडली म्हणजे जलपर्णी कोठून कोठे पसरली, गाळ कोणत्या बाजूने वाढला, हे कोणालाही दिसते. सुंदर चित्रांपेक्षा या साध्या चित्रांचे मोल पुढे अधिक ठरेल, असे मला वाटते.

नांदूर मध्यमेश्वर आपल्यापासून दूर असेल, तर खंत करण्याचे कारण नाही. बडोद्याच्या वाचकांना डभोईजवळचे वढवाणा आहे; बडोदे संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला तो तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत आला. इंदूरच्या वाचकांना होळकरांच्या काळातील सिरपूर तलाव आहे. तो २०२२ मध्ये त्याच यादीत आला. तिन्ही ठिकाणी माणसाने पाणी अडविले ते स्वतःच्या गरजेसाठी, आणि पाखरांनी त्यात आपला वाटा शोधला. यादीत नसलेला आपल्या गावचा पाझर तलावही चालेल. दूरच्या प्रसिद्ध स्थळी एकदा जाण्यापेक्षा जवळच्या तळ्यावर बारा वेळा जाणे अधिक शिकविते. कारण ओळख व्हावयास भेटी लागतात, अंतर लागत नाही.

२०२३ च्या एप्रिलात मी पुन्हा त्या गाळपेरीवर गेलो. कॅमेरा घरी ठेवला होता. दुर्बीण आणि धाकटी कन्या बरोबर होती. बाबांनी आम्हांला लांबूनच पाहिले, बांधापाशी थांबविले, आणि हात लांब करून शेताच्या वरच्या अंगाचा एक तुकडा दाखविला. तोही तसाच न नांगरता सोडलेला होता. "औंदा उंचावर घातलीत," ते म्हणाले. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो, अशी आपल्याकडची समजूत. तिच्या भरवशावर ते प्रसन्न दिसत होते.

दीडशे पावलांवरून आम्ही आळीपाळीने पाहिले. टिटवी बसलेली होती. पिसे किंचित फुलवून, चोच उघडी ठेवून, ती उन्हाकडे पाठ करून बसली होती. थोड्या वेळाने उठून पाण्याकडे गेली, परत आली, आणि पुन्हा बसली. ती एकदाही ओरडली नाही. कन्येने वहीत तारीख घातली आणि लिहिले : "टिटवी १. ओले पोट." त्या दिवशीचे छायाचित्र माझ्याजवळ नाही, वहीतील ती ओळ मात्र मी कधीकधी काढून वाचतो.